जुन्या डॉस आज्ञावलींना नवा आधार

१९८१ साली आलेल्या एमएस-डॉस प्रणालीसाठी हिशेब, वेतनपत्रके व साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या असंख्य आज्ञावली तयार झाल्या. त्या बहुतांशी १६ बिटांच्या होत. विंडोजच्या ३२ बिटांच्या आवृत्त्यांत त्या चालविण्याची सोय होती. प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीने चालू असता ही जुनी सोय उपलब्ध राहत नाही. म्हणून विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांतून ती वगळण्यात आली. २०२१ सालची विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे.

आज्ञावली चालेनाशी झाली, तरी नोंदी नष्ट होत नाहीत. त्या वाचण्याचे साधन मात्र हरपते. २००२ पासून विनामूल्य उपलब्ध असलेली डॉसबॉक्स ही आज्ञावली येथे उपयोगी पडते. ती नव्या यंत्रात जुन्या संगणकाची प्रतिकृती उभी करते. ‘माउंट’ या आज्ञेने जुन्या फायलींचा फोल्डर तिला जोडावा. तत्पूर्वी मूळ फायलींची प्रत अवश्य काढून ठेवावी.