विळा, गवत आणि ठरावाचं रजिस्टर

पावसाळ्यात यवतमाळहून पुसदला एसटीनं निघालात, तर खिडकीजवळची जागा मुळीच सोडू नका. सागाची झाडं, उतारावर माजलेलं गवत, मधूनच कपाशीची वावरं... आता समजा, तुम्ही खाली उतरलात, विळ्यानं गवताची एक पेंढी कापलीत आणि लगेच पोलिसांनी तुमचा हात धरला! तुम्ही म्हणाल, "काहीतरीच! गवत कापलं म्हणून कुणी पकडतं का?"

पकडलं होतं. आणि तेही चांगल्या नामांकित वकिलाला! १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सरकारच्या राखीव जंगलातलं गवत परवान्याशिवाय कापलं आणि ते तुरुंगात गेले. बापूजी मूळचे वणीचे, वकिली यवतमाळला. त्याच वर्षी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं होतं. पण विदर्भात समुद्र कुठून आणायचा? तेव्हा इथल्या लोकांनी मिठाऐवजी गवत निवडलं. ही युक्ती मला फार आवडते. जो कायदा आपल्या दारात येऊन टोचतो, तोच मोडायचा!

टोचत होताच तो. १९२७ च्या वनकायद्यानं राखीव जंगलात गुरं चारायची, गवत कापायचं, लाकूड आणायचं, तर परवानगी लागायची. गाव जंगलाला खेटून, गुरं गावाची, आणि नियम मात्र दूर कुठल्या कचेरीत लिहिलेले. गावाला कुणी साधं विचारलंही नव्हतं, की बाबांनो, तुमचं काय म्हणणं आहे? पुसदसारखे जंगल सत्याग्रह आणखीही ठिकाणी झाले. रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला तर २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला आणि माणसं मेली.

मग १९४७ साली स्वातंत्र्य मिळालं. आता तरी विचारायची पद्धत सुरू झाली असेल, नाही का? झाली, पण रमतगमत. वनकायदा तोच राहिला. मात्र दुसऱ्या बाजूनं एक दार उघडलं, आणि त्यातही पुसदचाच माणूस होता. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक हे पुढं अकरा वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्याआधी १९६० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. राज्याचा कारभार जिल्ह्यात आणि गावात कसा नेता येईल, हे तिनं सांगायचं होतं. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

गावात मात्र खरी जागा आहे ती ग्रामसभेची. पुष्कळांना वाटतं, ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि पंच. छे! पंचांची ती ग्रामपंचायत. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तुमची आजीसुद्धा! वर्षातून निदान चार वेळा ती भरली पाहिजे. आधी सात दिवस नोटीस लागते. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे हजर नसतील तर सभा तहकूब. आणि प्रत्येक सभेच्या आधी फक्त बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. हा नियम ज्यानं घातला त्यानं गाव नीट पाहिलं असणार. कारण एरवी काय होतं? पुढं बसलेले चार जण मोठ्यानं बोलतात, मागं कुणीतरी मोबाइलवर हसतो, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकूंचं बोलणं ओठातच राहतं. अध्यक्षाचं खरं काम भाषण करणं नसतं. "थांबा हो, त्यांना बोलू द्या," एवढं वेळेवर म्हणणं, हे ते काम.

आणि बोलणं झालं की ते रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं पाहिजे, बरं का! ठराव लिहिला नाही, तर सभा झाली काय आणि न झाली काय. वरच्या कचेरीत गावाचा आवाज जात नाही, कागद जातो.

आता पुन्हा गवताकडे येऊ. २००५ च्या डिसेंबरात दिल्लीत संसदेपुढं वनहक्कांचं विधेयक आलं. त्याच्या मसुद्यात दोन गोष्टी जंगलातल्या लोकांना खटकत होत्या. एक म्हणजे हक्क फक्त आदिवासींना होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहणारे इतर लोक बाहेर. दुसरी म्हणजे तारीख. १९८० च्या ऑक्टोबरआधीपासून जमीन कसत असाल तरच हक्क! विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं. समितीनं लोकांचं आणि संघटनांचं म्हणणं ऐकून घेतलं. कायदा २००६ साली मंजूर झाला तेव्हा इतर वननिवासीही त्यात आले होते आणि तारीख १३ डिसेंबर २००५ झाली होती. इतर लोकांना मात्र तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणजे ऐकलं, पण सगळं नाही! तरीही, जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला, असं या कायद्यानं स्वतःच सुरुवातीला कबूल केलं आहे. गुरं चारण्याचा हक्क त्यात आहे आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते.

ग्रामसभेचा शब्द किती वजनदार ठरू शकतो, हे ओडिशातल्या नियमगिरीत दिसलं. या डोंगरात ॲल्युमिनियमची कच्ची धातू, बॉक्साइट, आहे. खाण काढायची की नाही? सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी 'नाही' म्हटलं! आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर त्याआधीच पुढं गेलं होतं. तिथं हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलतात. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक पासांचं पुस्तकही गावाच्या हाती आलं.

यवतमाळमध्येही मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राचे त्याचे नियम यायला मात्र २०१४ उजाडलं. अठरा वर्षं! एवढ्या काळात एक बाळ मतदार होतं. या नियमांत एक चांगली सोय आहे. कोलामांचं एखादं पोड मोठ्या गावापासून दूर असलं, तर तिथल्या लोकांना ठराव करून आपलं पोड वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं, आणि मग ग्रामसभा त्यांची स्वतःची. मोठ्या गावाच्या सभेत पोडावरची दहा माणसं कोपऱ्यात बसतात. आपल्या पोडाच्या सभेत तीच बोलतात, आणि आपल्या भाषेत बोलतात.

"पण आम्ही तर अठरा वर्षांचे नाही!" खरंय. तुम्हाला मत नाही. पण शाळेच्या वाटेवरचा नाला, बंद पडलेला हातपंप, वाचनालयाला लागलेलं कुलूप, हे मोठ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असतं. ते कागदावर लिहा, तारीख घाला आणि आजीच्या किंवा आईच्या हाती द्या. विषयपत्रिकेवर ते यावं म्हणून सभेच्या आधीच ग्रामपंचायतीत पोचवायचं, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही. एका वेळी काम होईलच असं नाही. पुढच्या सभेत मात्र विचारता येतं, मागच्या ठरावाचं काय झालं?

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास असतात. झेंडावंदन उरकलं, खाऊ मिळाला, की एकदम घराकडं धूम ठोकू नका. पंचायतीसमोरच्या सतरंजीवर मागच्या बाजूला जागा असते, आणि रजिस्टर कोण लिहितंय ते तिथूनही दिसतं.