पगार वाढला, आजारपणाचें काय?

वाळूजच्या एका कारखान्यांत वेतनाचा नवा करार झाला, त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही सहज बजाजनगरांतील एका परिचित कुटुंबाकडे गेलों होतों. श्रावणाचे दिवस होते. गृहस्थ घरीं आले ते हातांत पेढ्यांचा पुडा व सदऱ्यावर गुलाल घेऊनच. तीन वर्षांचा करार. पगार दरमहा एकोणीस हजारांवरून चोवीस हजारांवर! गृहिणीनें पुडा देवापुढें ठेवला, आम्हांस व सासूबाईंना पेढा दिला आणि मग शांतपणें विचारलें, "अहो, मग आईंच्या औषधांचें कसें? ईएसआयचें कार्ड आतां बंद होणार ना?"

"होऊं दे," गृहस्थ म्हणाले. "कंपनी सर्वांची मेडिक्लेम काढणार आहे. तीन लाखांची. आतां चांगल्या इस्पितळांत जातां येईल. रांगेंत उभें राहणें नको."

"त्यांत आईंचें नांव आहे का?"

यावर गृहस्थांस उत्तर सुचेना. युनियनच्या ऑफिसांत विचारावें लागेल, असें कांहींसें ते पुटपुटले. सासूबाई मात्र "माझें काय, मी चांगली ठणठणीत आहें" असें म्हणून आंत निघून गेल्या. रक्तदाब आणि मधुमेह या दोन्ही विकारांवर त्यांना रोज गोळ्या लागतात, हें आम्हांस ठाऊक होतें.

छत्रपती संभाजीनगरांत (जुनीं माणसें अद्याप औरंगाबादच म्हणतात) आमच्या वाचकांपैकीं अनेकांचा मुलगा, पुतण्या किंवा जावई चिकलठाणा, वाळूज वा शेंद्रा येथील कारखान्यांत असेल. म्हणून हा प्रश्न एका घरापुरता नव्हे असें समजून आम्ही थोडी चौकशी केली.

राज्य कामगार विमा योजना, म्हणजेच कामगारांच्या तोंडची 'ईएसआय', हिचा हिशेब असा आहे. दर शंभर रुपये पगारामागें मालक सव्वातीन रुपये व कामगार पाऊण रुपया भरतो. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. तत्पूर्वीं ते पावणेपांच व पावणेदोन होते. एकोणीस हजार पगाराच्या माणसाचे महिन्याला सुमारें १४३ रुपये कापले जातात. परंतु १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये ठरली. ती ओलांडली कीं कामगार योजनेबाहेर पडतो. उत्तम करार घडवून आणणारी युनियन आपल्याच सभासदांस नकळत या दाराबाहेर नेऊन उभी करिते, ही या प्रकरणांतील गंमत. तिला गंमत म्हणावें का, हा प्रश्न वेगळा.

या योजनेचा मूळ आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांचा. १९४३ सालीं, महायुद्ध चालूं असतांना, सरकारनें हें काम त्यांजकडे सोंपविलें व पुढील वर्षीं त्यांनीं अहवाल दिला. १९४८ सालीं कायदा झाला, १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें प्रारंभ झाला आणि १९५४ सालीं नागपूर व मुंबई येथील कामगारांपर्यंत योजना पोंचली. जर्मनींत बिस्मार्कनें आजारपणाचा सक्तीचा विमा १८८३ सालींच आणिला होता. आडारकरांच्या योजनेचें तत्त्व साधें होतें: वर्गणी पगाराप्रमाणें, उपचार गरजेप्रमाणें. त्यामुळें बायको, मुलें आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्या उपचारांस रकमेची वार्षिक मर्यादा नाहीं. रोजच्या गोळ्याही दवाखान्यांतून मिळतात. आणि आमच्या मतें सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. कामगार आजारी पडून घरीं बसला तर वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत त्याला पगाराच्या शेंकडा सत्तर भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ विकारांत तो शेंकडा ऐंशीपर्यंत, दोन वर्षें चालूं शकतो. इस्पितळाचें बिल कोणीही विमा कंपनी देईल; पण त्या काळांत घराचें भाडें, किराणा आणि मुलांची फी कोठून यावयाची, याचा विचार आडारकरांच्या पिढीनें केला होता.

कामगारांच्या तक्रारी खोट्या आहेत असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. दवाखान्याची वेळ आणि कारखान्याची पाळी जुळत नाहीं, अर्ध्या दिवसाचा खाडा होतो, मोठ्या उपचारांस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं चिठ्ठी घेऊन जावें लागतें. मध्यरात्रीं छातींत कळ आली असतां जवळच्या चांगल्या इस्पितळांत नुसतें कार्ड दाखवून दाखल होतां यावें, ही इच्छा कोणास नसेल? मेडिक्लेमनें ती पुष्कळ अंशीं पुरी होते.

परंतु पॉलिसी ही वाचावयाची वस्तु आहे, देवापुढें ठेवावयाची नव्हे. तीन लाख हे बहुधा साऱ्या कुटुंबास मिळून एका वर्षाचे असतात. इस्पितळांत दाखल होण्यापूर्वींचे तीस व नंतरचे साठ दिवस औषधांचा खर्च बहुतेक ठिकाणीं मिळतो. रोजच्या गोळ्यांचा सहसा मिळत नाहीं. शिवाय खोलीभाड्याची अट असते. भाडें दिवसास विमारकमेच्या शेंकडा एक, म्हणजे तीन हजारच मान्य, असें कलम असेल आणि आपण सहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यांतील फरक सोसून भागत नाहीं. शस्त्रक्रियेची, भूल देणाऱ्याची, डॉक्टरांच्या भेटींची फीही त्याच प्रमाणांत निम्मी कापली जाते. ही फी ऐंशी हजार झाली तर चाळीस हजार आपल्या खिशांतून! औषधें, तपासण्या व शरीरांत बसविण्याचीं उपकरणें यांना ही कपात लावूं नये, असें विमा नियामकानें ठरविलें आहे, एवढाच दिलासा. ज्या कुटुंबानें आनंदाच्या भरांत 'चांगली हवेशीर खोली' मागितली, त्याला हें बिल हातीं आल्यावरच कळतें.

शिवाय ही पॉलिसी दरवर्षीं नवी होते. गेल्या वर्षीं दावे फार झाले तर हप्ता वाढतो, मग मालक दुसरी कंपनी शोधतो आणि अटी बदलतात. नोकरी सुटली कीं तीही सुटते. तीच पॉलिसी देणाऱ्या कंपनीकडे स्वतःचा वैयक्तिक विमा करून घेण्याची सोय नियमांत आहे. पण ती निवृत्तीनंतर नव्हे, मुदत संपण्यापूर्वींच मागावी लागते. ईएसआयमधून पगारवाढीमुळें बाहेर पडलेल्यांविषयीं फेब्रुवारी २०२४ मध्यें महामंडळानें एक चांगला निर्णय घेतला: निदान पांच वर्षें विम्यांत काढलेले व तीस हजारांपर्यंत पगार असतांना, १ एप्रिल २०१७ पासून निवृत्त झालेले कामगार निवृत्तीनंतर वैद्यकीय लाभास पात्र धरावे. जुने विमा क्रमांक म्हणून टाकून देऊं नयेत.

आम्ही युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यास भेटलों, तेव्हां त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, महागाई भत्त्याच्या एकेका पैशावर रात्र रात्र वाद होतो, आणि विम्याचें कलम शेवटच्या दिवशीं एका ओळींत उरकतें. त्या एका ओळींत काय काय मावावयास हवें होतें! आईवडिलांचा समावेश, खोलीभाड्याची अट काढणें, पहिल्या दिवसापासून जुन्या विकारांस संरक्षण, आजारपणाच्या रजेचा पगार, आणि कंपनी बदलावयाची तर युनियनची संमति. यांपैकीं एकही मागणी मालकास पगारवाढीइतकी महाग पडत नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्हांस या चौकशींतच नव्यानें कळली. पगार वाढला त्याच दिवशीं कार्ड मरत नाहीं. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मध्येंच मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालूं राहते, आणि सप्टेंबरअखेर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील जूनअखेरपर्यंत मिळतो.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हां बजाजनगरांत गेलों. युनियनकडून उत्तर आलें होतें: आईवडिलांस पॉलिसींत घेतां येईल, पण हप्ता कामगारानें भरावा आणि बिलाचा पांचवा हिस्साही सोसावा. सत्तर वर्षांवरील सर्वांस केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२४ पासून पांच लाखांचें संरक्षण दिलें आहे. पण सासूबाई सहासष्ट वर्षांच्या. गृहिणीनें हप्ता आणि गोळ्यांचा खर्च वहींत मांडला होता. वाढलेल्या पगारांतील जवळजवळ एक हजार रुपये दरमहा तिकडेच जाणार होते. भिंतीवर नवें कालनिर्णय लागलेलें दिसलें. जूनचें पान उलटून तिनें तीस तारखेभोंवतीं तांबड्या शाईनें वर्तुळ केलें होतें, आणि खालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें: 'आईंच्या गोळ्या, शेवटचा दिवस.'