गिटारवाल्याचा डबा आणि सासूबाईंच्या ओव्या

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात गिटार वाजवणारा मुलगा आहे, त्यांना माझी व्यथा वेगळी सांगायला नको. आमचे चिरंजीव बारावीनंतर गिटारच्या नादाला लागले. आधी गिटार, मग तिची पिशवी, मग तारा. तारा तर भाजीसारख्या संपतात! आणि एके दिवशी जेवताना हळूच म्हणाला, "आई, एक डबा घ्यायचाय. दहा-बारा हजारांचा आहे."

डबा म्हटल्यावर मला स्वयंपाकघरातलाच डबा आठवणार ना? हा डबा वेगळा. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तोवर तो गिटारची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी छिद्रात घालून रेकॉर्डिंग करत होता, आणि त्यातून नुसता घूंऽऽ असा आवाज यायचा. ते छिद्र हेडफोनच्या माइकसाठी असतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात, त्यांच्यातून येणारा विजेचा झोत फार अशक्त असतो. तो त्या छिद्रात गेला की निम्मा मरतो आणि घरातली इतर वीज त्यात गुणगुणते. डब्यात गिटारसाठी वेगळी जागा असते. शिवाय कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज कानात जरासा उशिरा पडतो, पूर्वी परदेशच्या फोनवर पडायचा तसा. डब्यातून थेट ऐकलं की ती पंचाईत नाही.

एवढं सगळं त्यानं समजावलं, तरी मी "बघू" म्हणून ताट उचललं. आपलं 'बघू' म्हणजे नाहीच, हे मुलांना पाठ असतं.

त्याच सुमाराला, म्हणजे २०२३ च्या दिवाळीत, साफसफाई करताना शोकेसमध्ये एक सीडी सापडली. वर माझ्याच हातानं चिकटवलेला कागद, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं : 'आई – ओव्या – २००५'.

ही सीडी माझ्या सासूबाईंच्या आवाजाची. थोरल्या वन्संचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, तोही गिटारवालाच. मे महिन्यात आला तो कॉलेजच्या ग्रुपचा माइक आणि छोटा मिक्सर घेऊन. आजीला खुर्चीत बसवलं आणि तासभर ओव्या गाऊन घेतल्या. मग आमच्याच कॉम्प्युटरवर तीन सीडी 'बर्न' केल्या. एक आम्हाला, एक त्याच्या आईला कोल्हापूरला, एक धाकट्या वन्संना बार्शीकडे. सासूबाई २०११ मध्ये गेल्या. त्या निरक्षर होत्या, त्यामुळे त्यांच्या हातची चिठ्ठी नाही की वही नाही. होतं ते एवढंच.

आणि मी बारा वर्षांत ती एकदाही लावली नव्हती. खरं सांगते, लावायची हिंमतच होत नव्हती.

आता लावायची तर लॅपटॉपला सीडीची जागाच नाही! शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. पहिल्या चार ओव्या नीट वाजल्या. पाचवीला टक्-टक् सुरू झालं आणि मग शांत. पुसली, परत लावली, फुंकर मारली. काही उपयोग नाही. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले.

भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मामी, सीडी उन्हात होती का?" होती की! शोकेस खिडकीसमोर. मग त्यानं जे सांगितलं, ते मला २००५ मध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात गाण्यांच्या तयार सीडी मिळायच्या, त्यांत खड्डे साच्यातूनच उमटवलेले असतात. आपण घरी बर्न करतो त्या सीडीत मात्र रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेनं त्यावर खुणा पडतात, त्या खुणा म्हणजे आवाज. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग हळूहळू विटतो, आपल्या कच्च्या रंगाच्या साडीसारखा. दुसरी गंमत म्हणजे आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण नाजूक असते ती वरची. चकाकणारा थर नावाच्या बाजूला, अगदी वर असतो. त्यावर लाखेसारखा एक पातळ हात. मी त्यावर बॉलपेन दाबून लिहिलं होतं, वर डिंकाचा कागद. म्हणजे जपायच्या नादात सगळं उलटंच केलेलं.

मग शोध सुरू झाला. धाकट्या वन्संना फोन लावला. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "वहिनी, ती ह्यांनी जोंधळ्यात बांधली. पाखरांसाठी. घरातल्या सगळ्या सीड्यांबरोबर गेली." रागवणार कुणावर? आमच्या बचत गटातल्या निम्म्या जणींच्या शेतात सीड्या लटकलेल्या मी पाहिल्यात. उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. सासूबाईंना कळलं असतं तर त्या हसल्याच असत्या, आयुष्यभर पाखरंच राखली त्यांनी.

उरली कोल्हापूरची. थोरल्या वन्संनी ती ट्रंकेत, पैठणीच्या घडीत ठेवली होती. अंधारात, कोरडी, वर कागद नाही, लिहिणं नाही. आम्ही दोघं मायलेक एसटीनं जाऊन ती घेऊन आलो. मुलानं एक सॉफ्टवेअर लावलं. खराब जागा आली की ते तीच जागा पुन्हापुन्हा वाचतं. एकेका ओवीला दहा-दहा मिनिटं. रात्री साडेबाराला तो म्हणाला, "आई, सगळ्या आल्या. शेवटची थोडी खरखरते."

नवव्या ओवीत मागे कुकरची शिट्टी आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात मीच होते. मुलगा म्हणाला, शिट्टी काढून टाकता येईल. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डब्याचे पैसे दिले. अट एकच, गटातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या रेकॉर्ड करून द्यायच्या.

हे काम काही मी शोधून काढलेलं नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवॉं यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया म्हणजे 'पारी'नं २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. पण आपल्या गल्लीतल्या आजीपर्यंत कोण येणार? आपणच.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. पंखा चालू ठेवला तर माइकमध्ये वादळ, बंद केला तर आज्या घामाघूम. रिकाम्या खोलीत आवाज घुमायचा, म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. 'प' आणि 'फ' आला की फट् असा आवाज यायचा. त्याला बाजारात जाळी मिळते, पण मी भरतकामाच्या रिंगला जुना नायलॉनचा मोजा ताणून लावला. तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, मध्ये ही रिंग. छान काम झालं. डब्यावरचा दिवा लाल झाला तर आवाज फाटला म्हणून समजायचं, हे आता मलाही कळतं. एक माइक तर बटण दाबून ४८ व्होल्ट दिल्याशिवाय बोलतच नाही!

एक आजी काही केल्या गाईनात. "जात्याबिगर वोवी कशी यील गं?" बरोबरच होतं त्यांचं, हात फिरल्याशिवाय शब्द सुटत नव्हते. दोघींनी मिळून माळ्यावरून जातं उतरवलं. गाणं सुरू झालं, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर! इथे मात्र आमचे चिरंजीव कामाला आले. लाकडी गिटार रेकॉर्ड करताना माइक मधल्या भोकासमोर धरला तर गुबगुब आवाज येतो, म्हणून गिटारवाले तो दांड्याच्या बाजूला सरकवतात. तसंच इथे. हा माइक पुढचं ऐकतो आणि पाठीमागचं फारसं ऐकत नाही. म्हणून त्यानं माइक जात्याजवळून, खालून, आजींच्या तोंडाकडे वळवला. जातं माइकच्या पाठीला. आता घरघर आहे, पण दूर, असावी तेवढीच.

आजवर सहा जणी गायल्या. ज्याची त्याची ओवी त्याला विचारल्याशिवाय कुणाला ऐकवायची नाही, असं आम्ही ठरवलंय, कारण ओवीत माणसं नावानिशी असतात. एकीनं भावजयीचा असा उद्धार केलाय की विचारू नका, आणि ती भावजय आमच्याच गटात आहे!

रेकॉर्डिंग आम्ही मूळ वेव्ह फाइलमध्ये ठेवतो. एका मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, लागू देत. एमपीथ्री लहान होते, पण आवाजातलं काही टाकूनच लहान होते. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी कोल्हापूरला भाच्याकडे.

थोरल्या वन्सं मात्र सीडीच मागतात. पेनड्राइव्ह त्यांना हाताळता येत नाही, आणि त्यांचा जुना प्लेअर अजून ठणठणीत आहे. कोऱ्या सीडी शोधायला तीन दुकानं फिरले. मुलानं ऑडिओ सीडी म्हणूनच बर्न केली, कारण जुन्या प्लेअरला एमपीथ्री कळेलच असं नाही. वेगही कमी ठेवला आणि शेवटी 'फायनलाइज' केलं. ते राहिलं तर कॉम्प्युटरवर वाजते, प्लेअरवर नाही. नाव लिहिलं मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ मार्करनं. दुसरी एक बार्शीला पाठवली. धाकट्या वन्संचा फोन आला, "पोचली. कपाटात ठेवलीय, किल्ली माझ्याकडं."

येत्या गुरुवारी भावजयवाल्या आजी पुन्हा यायच्या आहेत. म्हणाल्या, "त्या वोव्या ठेव, पर ती सून मरंस्तवर लावू नगंस." मुलानं फाइलच्या नावातच तसं लिहून ठेवलंय.