वडिलांचे कर्ज आणि वारसांचे दायित्व

घरातील कर्ता पुरुष गेला म्हणजे सांत्वनाला येणाऱ्यांच्या पाठोपाठ देण्याची आठवण करून देणारेही येऊ लागतात. दुःखाने खचलेल्या घराला तेव्हा प्रश्न पडतो, की हे कर्ज आता आपले झाले काय?

आपल्या धर्मशास्त्रकारांनी पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले. ऋणको म्हणून मरणाऱ्यास परलोकी सद्गती नाही, ही त्यामागील श्रद्धा होय. मात्र त्यांनी तारतम्यही राखले. पुत्राने मुद्दल व व्याज दोन्ही द्यावीत, नातवाने केवळ मुद्दल द्यावे, आणि जुगारापायी वा मद्यापायी झालेले ऋण पुत्रानेही फेडण्याचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले.

पुढे मुंबई इलाख्यात, वडिलांकडून कवडीही न मिळालेल्या मुलाच्या माथी हे ओझे येऊ लागले. ते १८६६ च्या कायद्याने उतरविले; वारसाचे दायित्व त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरते ठरले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही हेच तत्त्व आहे. एकत्र कुटुंबात मुलांवर राहिलेले धार्मिक कर्तव्याचे बंधनही, ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरते संपुष्टात आणले.

याचा व्यावहारिक अर्थ असा. समजा, मृताचे देणे पाच लाखांचे आहे व मागे राहिलेली मिळकत दोन लाखांची. धनकोला त्या दोन लाखांवरच हक्क सांगता येईल. उरलेल्या तीन लाखांसाठी मुलाच्या पगाराला वा विधवेच्या स्वतःच्या दागिन्यांना हात लावता येणार नाही. पत्नी व मुले यांच्यासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली घेतलेला आयुर्विमाही सामान्यतः धनकोंच्या आवाक्याबाहेर असतो.

परंतु याला मर्यादा आहेत. जो वारस स्वतः जामीन राहिला असेल, किंवा ज्याने कर्जरोख्यावर सहकर्जदार म्हणून सही केली असेल, त्याची जबाबदारी त्याची स्वतःचीच होय. गहाण घरावरील बोजा घराबरोबरच वारसाकडे येतो. आणि मिळकत हाती घेऊन तिचा हिशेब न देणाऱ्यास तेवढ्यापुरते पदरचे भरावे लागते.

खरा धोका आहे तो भिडेचा. लोक काय म्हणतील, या धास्तीने पुष्कळदा विधवा किंवा मुलगा सुतकातच नव्या कागदावर सही करून देतो, आणि जे कर्ज मिळकतीपुरते होते ते त्याचे स्वतःचे होऊन बसते. वडिलांच्या नावासाठी स्वेच्छेने देणे फेडावे, त्यात गौरवच आहे. मात्र त्याआधी मूळ दस्तऐवज पाहावा, त्यावर कोणाच्या सह्या आहेत ते तपासावे, मिळकतीची यादी करावी आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. तोवर धनकोला थांबण्यास सांगण्यात अधर्म नाही.