छायाचित्रांवरील संस्कार व त्यांसाठीं सॉफ्टवेअरची निवड

छायाचित्रणाचा नाद हल्लीं घरोघर शिरला आहे. कोणाजवळ वडिलांनीं घेऊन दिलेला कॅमेरा असतो, तर बहुतेकांच्या खिशांतील मोबाईल हाच त्यांचा कॅमेरा असतो. चित्र टिपणें इतकें सुलभ झालें आहे कीं, एका सहलींतून दोनशें चित्रें घेऊन येणारे विद्यार्थी आमच्या पाहण्यांत पुष्कळ आहेत. परंतु टिपलेल्या चित्रांचें पुढें काय करावें, हा प्रश्न आला म्हणजे त्यांची गति कुंठित होते. कोणी म्हणतो, अमुक सॉफ्टवेअर घ्या. कोणी म्हणतो, तें महाग आहे, तमुक फुकट मिळतें. आणि मुलाच्या हट्टापायीं पैसे भरावे कीं न भरावे, या विवंचनेंत पालक पडतात. या विषयाची थोडी पद्धतशीर चर्चा व्हावी, या हेतूनें आम्ही हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एका गैरसमजाचा विचार करूं. चित्रावर मागाहून संस्कार करणें म्हणजे लबाडी, असें कित्येकांस वाटतें. पण ही गोष्ट कांहीं आजची नव्हे. फिल्मच्या काळीं अंधाऱ्या खोलींत कागदावर चित्र छापतांना ज्या भागावर हात किंवा पुठ्ठा धरून प्रकाश अडवावा, तो भाग उजळ उमटे; ज्यास अधिक वेळ प्रकाश द्यावा, तो गडद होई. अमेरिकेंतील विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिको प्रांतांत हर्नांडेझ नांवाच्या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचें चित्र टिपलें. त्याच एका निगेटिव्हवरून ते पुढें अनेक वर्षें प्रती छापीत राहिले, आणि उत्तरोत्तर त्यांतील आकाश अधिकाधिक काळें होत गेलें. म्हणजे चित्र टिपणें हें अर्धें काम व तें उतरविणें हें दुसरें अर्धें, असेंच थोर कलावंत मानीत आले आहेत.

शिवाय, आम्ही कांहींच फेरफार करीत नाहीं असें जो म्हणतो, त्याच्या चित्रावरही संस्कार झालेलाच असतो. फक्त तो कॅमेऱ्यानें केलेला असतो. कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी लक्षावधि सूक्ष्म घरांची बनलेली असते. हीं घरें रंग ओळखीत नाहींत. प्रकाश किती पडला एवढेंच तीं मोजतात. म्हणून प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवितात. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांनीं या गाळण्यांची जी मांडणी योजिली, तिचें पेटंट त्यांस १९७६ सालीं मिळालें. तींत दर चार घरांमागें दोन हिरवीं, एक तांबडें व एक निळें असें प्रमाण असतें, आणि बहुतेक कॅमेरे अद्यापि हीच मांडणी वापरतात. शेजारच्या घरांवरून उरलेले रंग अजमावणें, पांढरें कशास म्हणावें हें ठरविणें, कडा रेखीव करणें, हें सर्व काम कॅमेऱ्यांतील लहानसा संगणक निमिषार्धांत उरकतो, आणि मग तें चित्र जेपेग नांवाच्या, दाबून लहान केलेल्या रूपांत सांठवितो.

पुष्कळ कॅमेऱ्यांत व कांहीं मोबाईलांत मोजणीचे मूळ आंकडे जसेच्या तसे ठेवण्याचीही सोय असते. या रूपास रॉ म्हणजे कच्चें म्हणतात. दोहोंतील भेद आंकड्यांवरून समजेल. जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मावतात. चौदा बिटांच्या रॉ चित्रांत त्या १६,३८४ असतात. त्यामुळें पाठीमागें उजेड असल्यानें काळवंडलेला चेहरा रॉ चित्रांतून पुष्कळसा उजळतां येतो. जेपेगमध्यें तोच प्रयत्न केल्यास रंगांचे पट्टे व ठिपके दिसूं लागतात. मात्र रॉ चित्र जागा फार व्यापतें, आणि संस्कार केल्यावांचून तें कोणास पाठविण्याजोगें होत नाहीं.

यावरून सॉफ्टवेअर निवडणाऱ्यानें स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न असा : मी कोणत्या रूपांत चित्रें टिपतों ? ज्याचीं चित्रें मोबाईलवरील जेपेग आहेत, त्यानें भारी सॉफ्टवेअरच्या मागें लागण्याचें कारण नाहीं. चित्र सरळ करणें, कडेचा अनावश्यक भाग कापणें, उजेड व रंग सुधारणें, एवढें त्याचें काम मोबाईलवरच होतें. २०११ सालीं निघालेलें स्नॅपसीड हें विनामूल्य सॉफ्टवेअर त्यास पुरेसें आहे. ज्यास रॉ चित्रें टिपावयाचीं आहेत, त्यास मात्र तीं विकसित करणारें सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावें लागेल.

दुसरा प्रश्न, काम कोणत्या जातीचें आहे हा होय. एक काम सबंध चित्राच्या प्रकाशाचें व रंगाचें. यासाठीं ॲडोबी कंपनीनें २००७ सालीं लाइटरूम काढलें. डार्कटेबल व रॉथेरपी हीं याच कामाचीं, पण मुक्त सॉफ्टवेअरें आहेत. दुसरें काम चित्राच्या एखाद्या भागाचें : आजोबांच्या जुन्या फोटोवर पडलेली चीर बुजविणें, दोन चित्रांचे थर एकमेकांवर ठेवून भित्तिपत्रक बनविणें, अक्षरें घालणें. यासाठीं १९९० सालीं निघालेलें फोटोशॉप प्रसिद्ध आहे, आणि गिम्प हें त्याच्या जोडीचें विनामूल्य साधन आहे. तिसरें काम संग्रहाचें, म्हणजे हजारों चित्रांतून हवें तें चटकन सांपडण्याचें. डिजीकॅम हें मुख्यतः याकरितां आहे. रॉ चित्र गिम्प स्वतः उघडीत नाहीं. डार्कटेबल किंवा रॉथेरपी संगणकावर असल्यास त्याच्याकडून तें तयार करून घेतें. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक नवशिके गिम्पला उगाच दोष देतात.

तिसरा प्रश्न आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे : या सॉफ्टवेअरमध्यें मूळ चित्र सुरक्षित राहतें काय ? लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखीं साधनें मूळ चित्रास हात लावीत नाहींत. एखाद्या जुन्या दस्तऐवजावर कांहीं न लिहितां निराळ्या कागदावर टीपा कराव्या, त्याप्रमाणें 'इतका उजेड वाढविला, इतका भाग कापला' अशा सूचना तीं वेगळ्या नोंदवून ठेवतात, आणि पाहतेवेळीं त्या लागू करून दाखवितात. दहा वर्षांनीं आपली रुचि बदलली, तर सूचना पुसून पुन्हां प्रारंभापासून काम करतां येतें. याच्या उलट, जेपेग चित्र उघडून, फेरफार करून त्याच नांवानें सांठविलें, तर मूळ कायमचें गेलें. आणि असें वारंवार केल्यास दर खेपेस चित्राचा कस थोडा कमी होतो. म्हणून ज्यास अशीं साधनें वापरावयाचीं आहेत, त्यानें आधीं प्रत काढून तीवरच काम करण्याची संवय लावून घ्यावी.

आतां पैशाचा विचार करूं. पूर्वीं सॉफ्टवेअर एकदां विकत घेतलें म्हणजे तें आपलें होई. २०१३ सालीं ॲडोबी कंपनीनें आपल्या प्रमुख साधनांच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनें देण्याचें जाहीर केलें. लाइटरूमची एकरकमी विकली गेलेली शेवटची आवृत्ति २०१५ सालची होय. वर्गणी महिन्याच्या मानानें लहान भासते. पण समजा, ती महिना पांचशें रुपये असली, तर पांच वर्षांत तीस हजार रुपये होतात, आणि ती थांबली कीं साधनही थांबतें. दुसरी पद्धत एकरकमी खरेदीची. सेरिफ कंपनीनें २०१५ सालीं ॲफिनिटी फोटो अशा रीतीनें विकावयास काढलें. पुढें २०२४ सालीं ती कंपनी कॅनव्हानें विकत घेतली. तेव्हां अटी व मालक दोन्ही बदलूं शकतात, हें लक्षांत ठेवावें. तिसरी पद्धत मुक्त सॉफ्टवेअरची. गिम्पचा आरंभ १९९५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं केला, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनीं तें वाढवीत नेलें. त्याची तिसरी मोठी आवृत्ति २०२५ सालीं प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांच्या हातून काय होऊं शकतें, याचें हें एक उदाहरणच आहे. अशा सॉफ्टवेअरची घडण कोणासही पाहतां येते, सुधारतां येते व प्रत मित्रास उघडपणें देतां येते.

चौथी एक 'पद्धत' दुर्दैवानें प्रचारांत आहे, ती म्हणजे महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत मिळविण्याची. ती चोरी आहे, एवढें सांगून पुरावें. पण ज्यांस तेवढ्यानें पटत नाहीं, त्यांस व्यवहाराची गोष्ट सांगतों : अशा प्रतींबरोबर घातक प्रोग्राम घरच्या संगणकांत शिरतात, आणि त्याच संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालत असतात. उत्तम साधनें उजळ माथ्यानें फुकट मिळत असतां हा धोका पत्करण्यांत शहाणपण तें कोणतें ?

कोणतेंही सॉफ्टवेअर चिरंजीव नसतें, हेंही ध्यानीं धरावें. गूगलचें पिकासा लाखों घरांत वापरलें जात होतें. तें २०१६ सालीं बंद झालें. ॲपलचें ॲपर्चर पुढें वाढविणार नाहीं असें त्या कंपनीनें २०१४ सालीं जाहीर केलें, आणि पुढील वर्षीं त्याची विक्रीही थांबली. ज्यांनीं आपला सारा संग्रह केवळ त्या साधनाच्या भरंवशावर ठेविला होता, त्यांस वर्षांनुवर्षांचें काम दुसरीकडे नेतांना अतोनात त्रास पडला. म्हणून चित्रें साल व प्रसंग यांप्रमाणें साध्या फोल्डरांत ठेवावीं. संस्कार पुरा झालेल्या चित्राची एक जेपेग प्रत काढून ठेवावी. आणि संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या घरीं, ठेवावी. बहिणीच्या लग्नाचें किंवा आजीच्या हंसऱ्या चेहऱ्याचें चित्र पुन्हां टिपतां येत नाहीं.

साधन निवडतांना आपला संगणकही पाहावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. रॉ चित्रांच्या कामास स्मृति बरीच लागते. जुन्या संगणकावर दर फेरफारानंतर वाट पाहत बसावें लागलें, तर हौस ओसरते. तसेंच पडदा फार प्रखर ठेवूं नये. त्यावर चित्र उजळ दिसतें म्हणून आपण तें गडद करतों, आणि छापून आलें म्हणजे काळोखी दिसतें.

इतका विचार झाल्यावर परीक्षा घ्यावी. त्यासाठीं स्वतःचीं पांच चित्रें निवडावीं : एक पाठीमागें उजेड असलेल्या चेहऱ्याचें, एक दिव्याच्या पिंवळट उजेडांतील, एक पावसाळी ढगांचें, एक वांकड्या आलेल्या इमारतीचें आणि एक जुन्या, डागाळलेल्या फोटोचें. दोन किंवा तीन सॉफ्टवेअरें घेऊन हींच पांच चित्रें प्रत्येकांत सुधारावीं. विकतचें असल्यास बहुधा कांहीं दिवस विनामूल्य वापरतां येतें. वेळ किती लागला, कोठें अडखळलों, परिणाम स्वाभाविक दिसतो कीं भडक, हें वहींत टिपावें. आठवड्याच्या अखेरीस निर्णय आपोआप होतो. एकदां निवडलेलें साधन निदान वर्षभर बदलूं नये. दर महिन्यास नवें सॉफ्टवेअर धुंडाळणाऱ्याची स्थिति 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी होते, आणि मग अंगण वांकडें असल्याची तक्रार सुरू होते.

शेवटीं सत्याविषयीं दोन शब्द. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकावर गिझा येथील पिरॅमिडांचें चित्र होतें. आडवें चित्र उभ्या मुखपृष्ठांत बसावें म्हणून संगणकाच्या साह्यानें दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यांत आले, आणि त्यावरून मोठा गहजब झाला. आज तर २०२३ पासून फोटोशॉपमध्यें नुसतें शब्दांत सांगितलें म्हणजे नसलेली वस्तु चित्रांत उमटविण्याची सोय आहे. उजेड सुधारणें निराळें आणि घडलेंच नाहीं तें घडलेलें दाखविणें निराळें. कल्पनाचित्र करण्यास हरकत नाहीं. पण तें कल्पनाचित्र म्हणूनच दाखवावें. स्पर्धेस, वृत्तपत्रास किंवा विज्ञानाच्या वहींत द्यावयाच्या चित्रांत वस्तु घालूं नये व काढूंही नये.

सारांश, मोबाईलवाल्यानें स्नॅपसीड, रॉ चित्रें टिपणाऱ्यानें डार्कटेबल अथवा रॉथेरपी, आणि जुने फोटो दुरुस्त करूं इच्छिणाऱ्यानें गिम्प, असा प्रारंभ करावा. एवढ्यानें भागेनासें झालें व आपण काय करूं इच्छितों हें नेमकें कळूं लागलें, म्हणजे मगच पालकांकडे पैशाची गोष्ट काढावी. येत्या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं घरच्या पेटींतील एक जीर्ण फोटो बाहेर काढावा, त्याचें चित्र संगणकावर उतरवून घ्यावें, आणि तो नीट करून आजी-आजोबांच्या हातीं ठेवावा, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.