शिरोळमार्गे वळिवडे

मिरज–कोल्हापूर लोहमार्ग शिरोळ तालुक्यातून जातो. 1943पासून याच रुळांवरून पोलंडचे निर्वासित करवीर संस्थानातल्या वळिवड्याला उतरले. सुमारे 5,000, बहुतेक बायका-मुलं.

सोव्हिएत फौजांनी 1940-41मध्ये त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. जुलै 1941च्या पोलिश-सोव्हिएत करारानं सुटकेची वाट उघडली. एप्रिल 1943मध्ये संबंधच तुटले. मधल्या फटीतून जे इराणला निसटले, त्यांतलेच हे. वळिवड्याच्या छावणीत शाळा, चर्च, नाटकं, स्काउट पथकं! नुसत्या शिध्यावर भागवलं नाही, हे मोलाचं. खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा.

1948पर्यंत छावणी रिकामी झाली. तिथे फाळणीतले सिंधी निर्वासित वसले. तेच आजचं गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिशांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे.