भट्टीचें आयुष्य आणि तिचे सुटे भाग

प्रेशर कुकरची रबरी रिंग सैल झाली म्हणून सबंध कुकर मोडींत घालणारें घर शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. रिंग, शिट्टी व सेफ्टी व्हॉल्व्ह हे भाग झिजावयाचेच, हें गृहिणीला ठाऊक असतें. कुकरचें नांव व लिटरचें माप सांगून ती नवा भाग आणविते आणि तेंच भांडें पुढें वर्षानुवर्षें चालतें. परंतु त्याच ओट्यावरील विजेची भट्टी, जिला घरोघर ओव्हन म्हणतात, ती एके दिवशीं तापेनाशी झाली, कीं हें शहाणपण एकाएकीं थिजतें. ‘यंत्र गेलें’ असा निकाल लागतो आणि कांहीं हजार रुपयांची वस्तु भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. वास्तविक पुष्कळदां यंत्र गेलेलें नसतें. त्यांतील एक लहानसा भाग गेलेला असतो.

विजेच्या साध्या भट्टीची रचना मुळींच गूढ नाहीं. पत्र्याची एक पेटी, तिला कांचेचें दार, आंत वर व खालीं तापणारे दांडे, उष्णता आटोक्यांत ठेवणारा नियामक म्हणजे थर्मोस्टॅट, आणि वेळ मोजणारा टायमर. एवढाच तिचा संसार. पेटी व कांच यांना सहसा कांहीं होत नाहीं. झिजतात ते प्रामुख्यानें दांडे आणि नियामक. म्हणून त्यांचें कार्य प्रथम ध्यानीं घेतलें पाहिजे.

दांड्याला कारागीर एलिमेंट म्हणतात. तो बाहेरून भरीव सळईसारखा दिसतो, पण सामान्यतः ती एक नळी असते. तिच्यामधून नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचें वेटोळें गेलेलें असतें, आणि नळी व तार यांमधील जागा मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीनें ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णतेला वाट देते आणि विजेला अडविते. म्हणून तार लाल झाली तरी नळीच्या बाहेरच्या अंगास वीज उतरत नाहीं. लोखंडाची तार हवेंत इतकी तापविली तर ती लवकरच जळून तुटते. प्लॅटिनम टिकतें, पण त्याची किंमत संसारास परवडणारी नव्हे. अमेरिकेंतील आल्बर्ट मार्श यांनीं निकेल व क्रोमियम यांचें मिश्रण सिद्ध केलें व १९०६ सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. सुमारें ८० भाग निकेल व २० भाग क्रोमियम असलेल्या या तारेवर तापतांच क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तोच थर आंतील धातूचें हवेपासून रक्षण करतो. विजेची शेगडी, टोस्टर व भट्टी यांची उभारणी याच एका गुणावर झाली.

तथापि तापणें व निवणें यांच्या फेऱ्यांत ही तार प्रत्येक वेळीं किंचित् पसरते व आखडते, आणि कालांतरानें एखाद्या क्षीण जागीं तुटते. मग पदार्थ वरून भाजतो व खालीं कच्चा राहतो, अथवा उलट. २३० व्होल्टवर १५०० वॅट शक्ति घेणाऱ्या भट्टींतून सुमारें साडेसहा अँपिअर प्रवाह वाहतो, आणि तिचा एकूण रोध सुमारें ३५ ओहम भरतो. प्लग काढून व दांडा सुटा करून मीटर लावला असतां रोध दिसला तर तार शाबूत. कांहींच न दिसला तर ती तुटलेली. कित्येक भट्ट्यांत दोन दांडे एकामागें एक जोडलेले असतात, व त्यांतील एक तुटला कीं दोन्ही थंड पडतात; म्हणून प्रत्येक दांडा वेगळा मोजावा, नाहीं तर खर्च दुप्पट होतो. नव्या दांड्याची लांबी, टोकांचा आकार, व्होल्ट व वॅट हीं चारी जुळलीं पाहिजेत. अधिक वॅटचा दांडा बसविल्यास भट्टी लवकर तापेल हें खरें, परंतु वाढलेला प्रवाह सोसण्याजोग्या आंतील तारा व बटणें नसतात, आणि मग तींच जळतात.

नियामकाचें काम याहून नाजूक आहे. तापल्यावर निरनिराळे धातु निरनिराळ्या मानानें वाढतात, या तत्त्वावर तो चालतो. दोन भिन्न धातूंची एकत्र जोडलेली पट्टी तापतांच वांकते व प्रवाह तोडते. निवतांच सरळ होऊन तो पुन्हां जोडते. गॅसच्या भट्टींत हेंच कार्य पितळी नळी व तिच्यांतील इन्व्हार धातूची कांडी करूं शकते. इन्व्हार तापूनहि जवळ जवळ वाढत नाहीं. शार्ल गियोम यांनीं तो १८९६ सालीं शोधला व त्यांना १९२० चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. इंग्लंडांत १९२३ सालीं ‘रेग्युलो’ नांवाचा नियामक बसविलेल्या गॅसच्या भट्ट्या निघाल्या, आणि कोरा कागद आंत ठेवून तो किती वेळांत तांबूस होतो यावरून उष्णता अजमावण्याची जुनी रीत मागें पडूं लागली.

नियामक बिघडला म्हणजे भट्टी बंदच पडते असें नाहीं. पुष्कळदां ती खोटें बोलूं लागते. खुंटी १८० अंशांवर असावी आणि आंत २२० अंश भरावे. मग नानकटाई करपते, आणि दोष मात्र करणारणीच्या हाताला लागतो. भट्टींत ठेवावयाचा साधा तापमापक मिळतो. त्यावर पांच-सहा वेळां अंश वाचून सरासरी काढावी. नियामक चालू-बंद होत असल्यानें अंश थोडे खालींवर होणें स्वाभाविकच आहे.

येथवर प्रश्न खर्चाचा होता. पुढचा प्रश्न जिवाचा आहे. पुष्कळ भट्ट्यांत एक इवलासा थर्मल फ्यूज असतो. नियामक चिकटून बसला व उष्णता मर्यादेपलीकडे गेली, कीं तो प्रवाह कायमचा तोडतो. तो पुन्हां जोडतां येत नाहीं. तितक्याच अंशांचा व अँपिअरचा नवा घालावा लागतो. एखादा उतावळा दुरुस्तीवाला त्याच्या जागीं साधी तार जोडून देतो. भट्टी तत्काळ तापते, घरचीं माणसें संतोष पावतात. परंतु त्या दिवसापासून त्या यंत्राला पहारेकरी उरलेला नसतो, आणि ज्या नियामकामुळें फ्यूज गेला तो तसाच आंत बसलेला असतो. म्हणून ‘फ्यूज कां गेला?’ हें दुरुस्ती करणाऱ्यास विचारलेंच पाहिजे, आणि काढलेला जुना भाग मागून घेतला पाहिजे.

मायक्रोवेव्ह भट्टीची जात वेगळी. अमेरिकेंतील पर्सी स्पेन्सर यांनीं १९४५ सालीं जिच्या पेटंटासाठीं अर्ज केला, त्या या प्रकारांत मॅग्नेट्रॉन नांवाची नळी सूक्ष्म लहरी उत्पन्न करते. तिला पुरवठा करणारा कपॅसिटर कांहीं हजार व्होल्टपर्यंतचा प्राणघातक भार प्लग काढल्यावरहि धरून ठेवूं शकतो. म्हणून या यंत्राचें बाहेरील आवरण घरीं कदापि उघडूं नये. मात्र आंतल्या भिंतीवरील अभ्रकाचा पातळ पत्रा ही गोष्ट निराळी. त्यावर तुपातेलाचे शिंतोडे उडून जळले, कीं ठिणग्या पडतात आणि यंत्र संपलें अशी भीति वाटते. वास्तविक अभ्रकाचा तेवढाच नवा तुकडा मापानें कापून बसविला, कीं पुष्कळदां काम भागतें.

सुटा भाग मिळवावयाचा तर यंत्राची ओळख सांगतां आली पाहिजे. भट्टीच्या पाठीमागील पाटीवर मॉडेलचा क्रमांक, व्होल्ट व वॅट छापलेले असतात. भट्टी नवी असतांनाच ते वहींत उतरवावे, कारण तीं अक्षरें पुढें पुसट होतात. मुंबईच्या लोहार चाळींत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत विजेच्या सामानाचीं दुकानें आहेत. तेथें जुना भाग बरोबर नेला म्हणजे वर्णनाचा खटाटोप वांचतो. परंतु उत्पादकानेंच भाग देण्याचें नाकारलें तर? युरोपीय संघानें मार्च २०२१ पासून धुलाईयंत्रें, शीतकपाटें व भांडीं धुण्याचीं यंत्रें यांचे ठराविक सुटे भाग ७ ते १० वर्षें उपलब्ध ठेवणें उत्पादकांवर बंधनकारक केलें. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली व त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. मात्र संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. तेव्हां भट्टी विकत घेतांनाच ‘हिचा दांडा वेगळा मिळतो काय?’ असें दुकानदारास विचारणें हाच ग्राहकाच्या हातचा उपाय.

प्रत्येक भट्टी वांचवावीच असें नाहीं. पत्रा गंजून भोकें पडलीं, तारांचें आवरण ठिसूळ झालें, तर ती टाकून देणेंच शहाणपणाचें. पण तो निर्णय कोणता भाग गेला हें कळल्यानंतर व्हावा, आधीं नव्हे. म्हणजे भंगारांत जाईल ती वस्तु खरोखरच भंगार असेल.